मुसासाहेबाचं संरक्षण

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागापासून सात मैलांवर फिरंगीपुरा नावाचं गाव आहे. गावाच्या तोंडाशी एक दगडी घर आहे आणि त्याच्या छपरावरून माकडं घसरगुंडी खेळतात. दुसऱ्या कुठल्या छपरावर त्यांना ते जमत नाही, कारण इकडची सगळी घरं सपाट धाब्याची. हे एकच घर असं, की त्याचं छप्पर दोन्ही बाजूंनी सरळ खाली उतरलेलं. बर्फ साचू नये म्हणून. आता ग्वाल्हेरकडे बर्फ दिसतो तो फक्त उसाच्या रसात, पण घर बांधणाऱ्याला हे कोण सांगणार?

बांधणारा होता एक फ्रेंच. शिंद्यांच्या फौजेत तोफा ओतायला आला, इथेच रमला, आणि आपल्या देशात, आपल्या खेड्यात जसं घर होतं तसंच्या तसं त्याने इथल्या गवंड्यांकडून बांधून घेतलं. गवंड्यांनी विचारलं, "साहेब, एवढा उतार कशाला?" साहेब म्हणाला, "बर्फासाठी." गवंड्यांना वाटलं, बर्फ नावाचा कोणी शत्रू असावा. म्हणून त्यांनी भिंतीत बंदुका रोखायला भोकंही ठेवली. साहेबाने उभं राहून ती मोजून घेतली. बत्तीस भरली. दाराच्या वरच्या दगडावर त्याने सन कोरला, १७८८, आणि खाली आपलं नाव. ते आजवर कुणाला वाचता आलेलं नाही. त्या लोकांत रावसाहेब म्हणायला जो 'म्हस्यू' शब्द आहे तो दरबारच्या कारकुनांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी कागदोपत्री त्याचं 'मुसा' करून टाकलं. मुसासाहेब. आणि घर ते मुसासाहेबाची कोठी.

गावातले हिंदी बोलणारे लोक तिला फिरंगी कोठी म्हणत. 'मुसा' म्हणणारे मराठी बोलणारेच, आणि त्यांत सगळ्यांत मोठ्याने म्हणणारे जगदेवराव.

जगदेवराव संस्थानच्या तोफखान्यात हवालदार होते. एकोणीसशे सतरा साली त्यांना हुकूम झाला की कोठीत तोफांचे जुने साचे पडले आहेत, त्यांच्यावर पहारा करा. ते बायकोला, विजयाबाईंना, घेऊन आले आणि पहारा करू लागले. पाच वर्षांनी साचे कोणी तरी गाड्यांवर घालून नेले. जगदेवरावांना मात्र कोणी नेलं नाही. ते पहारा करत राहिले. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, मध्य भारत झालं, तेव्हा दोन याद्या निघाल्या. एक सरकारच्या इमारतींची, एक महाराजांच्या खाजगीची. कोठी दोन्हींत नव्हती. जगदेवरावही दोन्हींत नव्हते. त्यामुळे आठ वर्षं फार सुखात गेली.

मग छप्पन साली नोव्हेंबरात मध्य भारतही गेलं. चार मुलखांचा मिळून नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि डिसेंबरात एके सकाळी रस्त्याच्या कामाचे ओव्हरसियर दौलतसिंह कोठीपुढे सायकलवरून उतरले. त्यांनी एक डोळा मिटून कोठीकडे पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"हवालदार साहब," ते म्हणाले, "कोठी सड़क में आ रही है."

"कोठी कुठे येऊन राहिली? ती तर इथेच आहे," जगदेवराव म्हणाले. "सड़क येत असेल."

दौलतसिंह सभ्य माणूस. नकाशा पसरून दाखवला. मोठ्या रस्त्यापासून गावापर्यंत एक सरळ रेघ होती आणि रेघ विजयाबाईंच्या चुलीवरून जात होती.

"ह्याला जरा वाकवा ना."

"सरकारी रेघ है, हवालदार साहब. बिना कारण नहीं मुड़ती." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक रास्ता है. पुरानी इमारत है, भोपाल से लिखवा लाइए कि 'संरक्षित' है. एक शब्द. संरक्षित. ठप्पे के साथ. फिर हम हाथ नहीं लगाएँगे. पंद्रह दिन देता हूँ. पंद्रहवें दिन सब्बल लेकर आऊँगा."

ते गेल्यावर नवराबायको पायरीवर बसले. कोठी पडली तर जायचं कुठे, हे दोघांनाही माहीत होतं. विजयाबाईंनी ते बोलून टाकलं.

"सुनंदाकडे जावं लागेल."

सुनंदा त्यांची एकुलती मुलगी. शहरात शिंदे की छावनीत दोन खोल्यांत राहायची. जावयाच्या दारी जाऊन राहणं ही एक नामुष्की, पण ती गिळता आली असती. जावई भालचंद्र गिळता येण्यासारखे नव्हते. ते पुस्तक वाचून होमिओपॅथी शिकले होते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गोळ्या घेणं बंद केल्यापासून त्यांचं सगळं लक्ष नातेवाइकांवर होतं. मागच्या दिवाळीत जगदेवराव दोन दिवस तिथे राहिले. जाताना धडधाकट होते. परत आले ते तीन दिवस डाव्या बाजूलाच वळत होते.

"मी नाही जाणार," जगदेवराव म्हणाले. "त्यांची ती सब्बल, ती पहार, माझ्या डोक्यात घालू देत."

"नुसतं बोलू नका. पांडुरंगरावांकडे जा."

पांडुरंगराव माधवगंजात राहत. दरबारात तीस वर्षं मुन्शी होते. मोडी अशी लिहीत की मोती ओवावे. पण आता सगळं हिंदीत लिहायचं आणि हिंदीत त्यांचा हात अजून बसला नव्हता. ते आधी मनात मराठीत लिहीत, मग शब्दाशब्दाला हिंदीची टोपी घालत.

"विषय काय घालू?" त्यांनी बोरू बुडवला.

"घाला, मुसाची कोठी वाचवा."

"वाचवा नव्हे. हे काही विहिरीत पडलेलं मांजर आहे? संरक्षण. 'विषय: मूसा की कोठी का संरक्षण.' 'मू'ला दीर्घ ऊकार देतो. हिंदीत वजन येतं."

"साहेब लिहा ना. मुसासाहेब."

"साहेबांचे दिवस गेले, जगदेवराव. आता लोकशाही आहे. साहेब लिहिलंत तर कागद फेकून देतील. नुसतं मूसा." ते लिहू लागले. "आता त्याची माहिती सांगा. सगळी सांगा. भोपाळच्या लोकांना ग्वाल्हेर काय ठाऊक? त्यांचं काळीज हललं पाहिजे."

जगदेवरावांनी सगळी सांगितली. दोन बायका, सतरा मुलं, बत्तीस भोकं, पिछाडीची कबर. पांडुरंगरावांनी लिहिली, आणि लिहिताना एकदा डोळेही पुसले. कागद पोस्टाने भोपाळला गेला.

आता भोपाळला त्या दिवसांत काय चाललं होतं ते सांगायला हवं. चार मुलखांचे कारकून एका शहरात आले होते. खुर्च्या कमी, कपाटं रस्त्यात. फायली ट्रकमधून यायच्या आणि ज्याच्या दारात ट्रक थांबेल त्याच्या व्हायच्या. हा कागद ज्या खात्यात जाऊन पडला त्या खात्याचं नाव कोणाला नीट ठाऊक नाही. ते नवंच निघालं होतं आणि थोड्याच दिवसांत मोडलंही. तिथले टपाल वाचणारे बाबू चार मुलखांतल्या रीव्याकडचे. त्यांनी विषय वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि आनंदाने उठून उभेच राहिले, कारण खातं निघाल्यापासून त्यांना आलेलं हे पहिलं काम होतं.

पंधराव्या दिवशी सकाळी कोठीपुढे जीप थांबली. आतून एक बारीक, चष्म्याचे गृहस्थ उतरले. रामसजीवन पयासी, निरीक्षक, मुक्काम भोपाळ, मूळचे तेही रीव्याचेच.

जगदेवरावांनी तोफखान्याचा जुना कोट चढवला होता. त्यांनी वर आकाशाकडे पाहून हात जोडले, पण वर माकड घसरत होतं, ते त्यांच्यापुढेच येऊन आदळलं.

"हम मूसा के सिलसिले में आए हैं," पयासीजी वही उघडत म्हणाले. "मूसा कहाँ हैं?"

"वो तो गुजर गए, साहब."

"कब?"

"डेढ़ सौ बरस हो गए."

पयासीजी हसले. खेड्यातला म्हातारा, थट्टा करतो, असं त्यांना वाटलं. "अच्छा. तो अब कौन है?"

"अब उनकी औलाद है. सतरा थे. अब तो बहुत हो गए."

"वो तो होंगे ही," पयासीजींनी लिहून घेतलं. "रहते किधर हैं?"

"गाँव भर में. एक तो वो सामने गुड़ की दुकान में है."

"दिन में भी निकलता है?"

"हाँ जी. सुबह से शाम तक वहीं बैठता है. दोपहर में थोड़ा लेटता है."

"बड़ा है?"

"आपसे थोड़ा मोटा होगा."

पयासीजींचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा पुसला. "काटता है?"

जगदेवराव खरं बोलणारे. "तौल में थोड़ा काटता है, साहब. बाकी आदमी अच्छा है."

पयासीजींनी कोठीकडे पाहिलं, गुळाच्या दुकानाकडे पाहिलं आणि खिशातून अर्ज काढला. "देखिए, हवालदार साहब. इसमें लिखा है, मूसा ने दीवारों में बत्तीस छेद किए."

"जी. खुद खड़े होकर."

"खड़े होकर. और मूसा ने यहीं दो ब्याह किए. पूरे दफ्तर ने पढ़ा. बड़े बाबू तो बोले, लिखनेवाला बहुत भावुक आदमी है, मूसा के ब्याह का इतना कौन सोचता है? फिर लिखा है, पिछवाड़े मूसा की कब्र है, जिस पर हम हर दशहरे को फूल चढ़ाते हैं." त्यांनी वर पाहिलं. "चढ़ाते हैं?"

"चालीस साल से."

पयासीजी एक पाऊल मागे सरले. मग जीपकडे जाऊन त्यांनी सामान उतरवायला सुरुवात केली, कारण काहीही असलं तरी ते काम करायला आले होते. एक, दोन, तीन, चौदा पिंजरे उतरले. विजयाबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि बशी हातात तशीच राहिली.

"अहो, हे पिंजरे कसले?"

"जुन्या वस्तू ठेवत असतील त्यात. तू आत जा."

"उंदरांचे पिंजरे आहेत!" त्यांनी पयासीजींना विचारलं, "भैयाजी, आपके उधर चूहे को क्या बोलते?"

"मूसा," पयासीजी म्हणाले.

"और कोठी?"

"मिट्टी की होती है, अम्माजी, इतनी ऊँची. उसमें अनाज रखते हैं. उसे मूसों से बचाना, यही हमारे दफ्तर का काम है."

विजयाबाईंनी बशी खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि त्या हसू लागल्या. खांबाला धरून हसल्या. जगदेवरावांना मात्र समजायला वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग ते ओरडले, "मुसासाहेबाला उंदीर! ज्याने तोफा ओतल्या त्याला! आख्खं भोपाळ त्याला उंदीर समजून राहिलंय!"

पयासीजींना सगळं सांगितलं तेव्हा तेही पायरीवर बसले. भला माणूस होता बिचारा. आधी हसला, मग रडकुंडीला आला.

"हमारी तो नौकरी गई," ते म्हणाले. "पूरा दफ्तर ताली बजाकर भेजा है."

"और हमारा घर गया," जगदेवराव म्हणाले, आणि दौलतसिंह आज दुपारी येणार हे सांगितलं.

पयासीजी थोडा वेळ नखं चावत बसले. मग हळूच म्हणाले की ते दोन गोष्टी लिहू शकतात. एक, कागद चुकून आला, योग्य खात्यात पाठवावा. त्याला एक वर्ष लागेल. दोन, मूसा आढळले. मग त्यांच्याजवळ छापील हुकूम आहे आणि जीपमध्ये टिनाची पाटीही आहे: 'संरक्षित कोठी. बिना आज्ञा तोड़ना, खोदना, हटाना मना है.' ठप्पा त्यांच्या खिशातच.

"अनाज है ना अंदर?"

होतं. मुसाने भिंतीत शेकोटीसाठी जो कोनाडा बांधला होता त्यात विजयाबाई गव्हाची कणगी ठेवत.

"बस. फिर आप अर्ज पर लिख दीजिए, मूसा मतलब चूहा. दस्तखत कीजिए."

जगदेवराव ताठ उभे राहिले. "नाही होणार. सुनंदाकडे जाईन, डाव्या बाजूला वळेन, गोळ्या खाईन. पण मुसाला उंदीर म्हणणार नाही."

"तुम्ही खाल गोळ्या," विजयाबाई म्हणाल्या. "मी का खाऊ? आणि उंदीर म्हटलं म्हणून काय झालं? गणपतीच्या पायाशी बसतो तो. चांगला मोदक खातो. तुमच्या मुसाला कधी कोणी मोदक दिला?"

जगदेवराव तडक पिछाडीला गेले. कबरीपुढे टाचा जुळवून उभे राहिले. "साहेब," ते म्हणाले, "गोष्ट अशी आहे." आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. रेघ सांगितली, जावई सांगितले, रीव्याची बोली सांगितली. "तुमच्या मुलखात काय म्हणत असतील ते म्हणत असतील. इथे राहायचं तर इथलं सोसावं लागतं. तुम्ही म्हस्यूचे मुसा झालात तेव्हा काही बोलला नाहीत. आता एवढं एक पाऊल आणखी." साहेबाने आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं, आताही म्हटलं नाही. जगदेवराव परत आले आणि सही केली. अक्षर वाकडं आलं.

"अब एक काम बाकी है," पयासीजी म्हणाले. "मैं झूठ नहीं लिखता. एक मूसा आँख से दिखा दीजिए."

इथे गाडं अडलं. कोठीत उंदीर नव्हता. चाळीस वर्षं विजयाबाईंनी उंदराला ह्या घरात पाय ठेवू दिला नव्हता. पयासीजींनी बत्तीस भोकांत बॅटरी मारून पाहिली. एका भोकात चिमणीचं घरटं, एका भोकात जगदेवरावांनी लपवलेली तपकिरीची डबी, बाकी सगळी लख्ख.

"कौतुक करावं का रडावं," जगदेवराव बायकोकडे पाहून म्हणाले, आणि तुपाचा रिकामा डबा घेऊन समोर उमाजीच्या गुळाच्या दुकानात गेले.

उमाजी मुसाचाच पाचव्या पिढीतला. डोळे घारे, पोट मोठं, बाकी सगळा ग्वाल्हेरी.

"उमाजी, एक उंदीर दे."

उमाजीने जगदेवरावांच्या मागे पाहिलं. जीप दिसली, चष्मा दिसला, सरकारी वही दिसली. "उंदीर? माझ्या दुकानात? काका, बोलणं सांभाळून. इथे मुंगी नाही सापडायची."

"त्या पोत्यातून शेपूट दिसून राहिली आहे."

"सुतळी आहे ती."

"हलतेय."

"वारा आहे."

सुतळी पोत्यावरून उतरली, उमाजीच्या मांडीवरून चालत गेली आणि गुळाच्या भेलीमागे बसली. दोघंही तिच्याकडे पाहत होते. मग जगदेवरावांनी खाली वाकून सगळी हकिगत कानात सांगितली. उमाजीचे घारे डोळे मोठे मोठे होत गेले.

"म्हणजे माझा खापरपणजोबा उंदीर," तो म्हणाला, "आणि त्याची साक्ष द्यायला उंदीर पण माझ्याच दुकानातला?"

"घरचाच माणूस झाला ना मग. बाहेरचा कशाला?"

उमाजीला हे पटलं की नाही, सांगता येत नाही, पण दुकानातून एक उंदीर जातो आहे हे त्याच्या लक्षात आलं. "दोन न्या," तो म्हणाला. "पण इथून नेला म्हणून बोलायचं नाही."

एकच नेला. डब्यावर फडकं बांधून जगदेवराव रस्ता ओलांडत होते तेव्हा पयासीजींनी विचारलं, "क्या है डब्बे में?"

"घी."

डबा चीं चीं करू लागला.

"ताजा है," जगदेवराव म्हणाले आणि भरभर आत गेले.

आत दिवाणखान्यात त्यांनी फडकं सोडलं. उंदीर बाहेर आला. पळाला नाही. उमाजीच्या दुकानात वाढलेला, माणसांची त्याला भीती नव्हती. फरशीच्या मधोमध बसला, मिशा फेंदारल्या आणि मालकासारखा इकडेतिकडे पाहू लागला. तेवढ्यात दारात पयासीजी आले.

"मूसा!" त्यांनी बोट दाखवून ओरडून सांगितलं.

आणि जगदेवरावांच्या टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला. चाळीस वर्षांची सवय. सलाम ठोकून झाल्यावर त्यांना समजलं की आपण कुणाला ठोकला. विजयाबाई पुन्हा खांबाला धरून हसू लागल्या. पयासीजींनी मात्र वहीत लिहिलं, 'एक मूसा प्रत्यक्ष देखा. आदर के साथ रखा जाता है.'

पाटीचा शेवटचा खिळा ठोकत होते तेव्हाच दौलतसिंह आठ माणसं आणि आठ सब्बली घेऊन आले. त्यांनी पाटी वाचली. खाली पयासीजींनी रंगाने लिहिलेलं नाव अजून ओलं होतं: मूसा की कोठी.

"ये मूसा कौन?" त्यांनी विचारलं.

"फिरंगी साहब," जगदेवराव म्हणाले.

"चूहा," पयासीजी त्याच क्षणी म्हणाले.

दौलतसिंहांनी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. मग हुकूम हातात घेऊन ठप्प्यावर अंगठा फिरवला. ठप्पा अंगठ्याला लागला. "मुझे मूसे से क्या," ते म्हणाले. "संरक्षित लिखा है. शब्द बराबर है." खिशातून पेन्सिल काढून त्यांनी गुडघ्यावर नकाशा ठेवला आणि सरकारी रेघ विजयाबाईंच्या चुलीपासून बारा हात वाकवली. तो रस्ता आजही तिथे विनाकारण वळतो, आणि वळणावर नवखा सायकलवाला एकदा तरी पडतोच.

घर वाचलं, पण भोपाळ सोडत नव्हतं. तीन महिन्यांनी एक छापील कागद आला. वर लिहिलं होतं, 'मूसा की वर्तमान दशा', आणि खाली चार ओळी कोऱ्या. जगदेवराव कागद पुढ्यात घेऊन दिवसभर बसले. उमाजीचा उंदीर दुसऱ्याच दिवशी विजयाबाईंच्या केरसुणीपुढून पळून परत दुकानात गेला होता. एकही नाही लिहिलं, तर संरक्षण काढतील. पुष्कळ आहेत लिहिलं, तर विष घेऊन येतील आणि कणगीत टाकतील. खोटं लिहिणं तर रक्तातच नव्हतं.

"पांडुरंगरावांना विचारता का?" विजयाबाईंनी सुचवलं.

"त्यांनाच विचारलं होतं मागे," जगदेवराव म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच लिहिलं. ज्या मुसाला ते ओळखत होते त्याच्याबद्दल जे खरं वाटत होतं ते, एक ओळ, आपल्या हिंदीत: 'मूसा का पूर्ण समाधान है.' म्हणजे, मुसा सुखात आहे, त्याचं काही मागणं नाही.

भोपाळला ते रीव्याच्या बाबूंनी वाचलं. हिंदीत समाधान म्हणजे अडचण सुटणं. खातं निघाल्यापासून एवढी एकच अडचण आली होती आणि ती पूर्ण सुटली होती. खात्याने पेढे वाटले म्हणतात. आठ दिवसांत जबाब आला: 'मूसा की समस्या का पूर्ण समाधान हुआ. कोठी आदर्श घोषित. संरक्षण स्थायी. प्रकरण बंद.' आणि त्यानंतर महिनाभरात ते खातंच मोडलं, त्यामुळे प्रकरण उघडायला कोणी उरलं नाही.

जगदेवरावांनी तो कागद तीनदा वाचला, घडी करून पेटीत तळाशी ठेवला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी आडवे झाले.

आषाढात छप्पर गळू लागलं. नेमकं त्यांच्या अंथरुणावर.

"आता कोठी आदर्श आहे," विजयाबाई म्हणाल्या. "तो कोपरा तेवढा दुरुस्त करून घ्या."

"संरक्षित आहे. बिना आज्ञा हात लावायला मनाई आहे."

"मग आज्ञा मागा. लिहा भोपाळला."

जगदेवराव ताडकन उठून बसले. वरून एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी छपराकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, दौतीकडे पाहिलं. मग उठले, पितळेची परात आणली, अंथरुणावर मधोमध ठेवली आणि तिच्याभोवती अंगाचं वेटोळं करून निजले.